गणपतीला गावी जाताना घर बंद कसं करतो, दोन वर्षांचा अनुभव

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार. गौरी-गणपती करून कुडाळहून परत आलो, डोंबिवलीत पोचायला संध्याकाळ झालेली, दोन्ही हातात पिशव्या, त्यात नारळ आणि सासूबाईंनी दिलेले कोकम, आणि जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आलो तर आमच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. बंद. त्याच्यावर साधा ओरखडा नाही. फक्त कुलूप, कोयंडा आणि कोयंड्याचे चार स्क्रू असं सगळं मिळून कडीला लोंबत होतं, कारण चौकटीतून कोयंडाच उचकटून काढलेला.

ते कुलूप आम्ही चांगलं जाड, महागातलं घेतलेलं होतं. नंतर सुताराने त्यातला एक स्क्रू तळहातावर ठेवून दाखवला, अर्धा इंचाचा असेल नसेल. म्हणाला, वहिनी कुलूप कोण तोडतो, कटावणी घातली की दोन मिनिटात कोयंडा हातात येतो. एवढी वर्षं आम्ही कुलूप ओढून बघायचो, दोन दोनदा ओढून बघायचो, पण ते कुलूप ज्याला लावलंय ते कशाच्या जोरावर उभं आहे हे एकदाही बघितलं नव्हतं.

आत काय झालं होतं ते थोडक्यात सांगते कारण अजूनही ते आठवलं की पोटात कसंतरी होतं. तांदळाचा डबा पूर्ण उलटा, स्वयंपाकघरभर तांदूळ आणि त्यावरून चालल्याच्या खुणा. साड्यांच्या घड्या एकेक झटकलेल्या. गादी उचललेली, देवघराचा ड्रॉवर बाहेर काढून पालथा घातलेला. म्हणजे आपल्या आजीपासून आपण ज्या ज्या ठिकाणी लपवत आलो त्या सगळ्या जागा चोराला तोंडपाठ होत्या. डाळीच्या डब्यातले अकरा हजार रुपये गेले, आईची चांदीची अत्तरदाणी गेली, नवऱ्याचं घड्याळ गेलं, माझे कानातले गेले. पितळी देव मात्र त्याने उचलून ओट्यावर एका रांगेत ठेवलेले होते. ते बघून मी रडले.

पोलिसात तक्रार दिली तेव्हा पहिला प्रश्न आला की कानातले किती ग्रॅमचे, पावती आहे का, फोटो आहे का. माझ्याकडे काहीच नव्हतं. लग्नातला एक फोटो निघाला त्यात कान अर्धे केसाखाली. नवीन कायदा लागू होऊन तेव्हा अडीच महिनेच झालेले, १ जुलै २०२४ पासून, त्यामुळे घरातल्या चोरीचं जुनं ३८० कलम जाऊन भारतीय न्याय संहितेचं ३०५ कलम लागतं हे मला त्या दिवशी कळलं. पंचनामा झाला, ठसे घेतले. वस्तू अजून मिळालेल्या नाहीत.

मग २०२५ च्या गणपतीला जायचं की नाही यावरून घरात दोन महिने चर्चा. गावचा गणपती घरचा आहे, जाणार नाही असं होऊच शकत नाही, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये गणपतीला निम्मी दारं बंद असतात हे काय कोणाला वेगळं सांगायला नको, डोंबिवली, ठाणे, लालबाग सगळीकडे तेच, चाकरमानी कोकणात निघाले हे अख्ख्या जगाला माहिती असतं. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी तिकीट काढलं आणि त्याच दिवशी मी एक वही केली. त्या वहीत जे जे केलं ते इथे लिहितेय, कोणाला तरी उपयोग होईल.

सगळ्यात पहिलं दार. बाहेरचा कडी-कोयंडा आम्ही काढूनच टाकला. बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे घरात कोणी नाही अशी पाटी लावल्यासारखं आहे, ते जिन्यावरून येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. त्याऐवजी दाराच्या लाकडात आत बसणारं कुलूप बसवलं आणि चौकटीत त्याची जी लोखंडी पट्टी असते तिला तीन इंची स्क्रू मारले, चौकटीतून पार भिंतीपर्यंत जातील असे. बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर, त्यालाही त्याचं त्याचं आतलं लॉक. आता आम्ही घरात असताना आणि नसताना बाहेरून दार अगदी सारखंच दिसतं. माझ्या जावेला कोयंडा काढायचा नव्हता, तर तिने कडीला दारातून आरपार जाणारे बोल्ट मारून घेतले, गोल डोकं बाहेर आणि नट आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरून पान्याला पकडायला काही मिळतच नाही, आणि चौकटीतल्या कोयंड्याला लांब स्क्रू. हा खर्च फार नाही हो, सुताराची एक दुपार. घरी जाऊन आपल्या कोयंड्याचा एक स्क्रू काढून बघा किती लांब आहे, एवढंच मी सगळ्यांना सांगते.

दुसरं, दारावरून घर बंद आहे हे कळता कामा नये. हे बोलायला सोपं आहे पण बारीक बारीक गोष्टी असतात. आदल्या वर्षी आम्ही आंब्याच्या पानांचं तोरण लावून गेलो होतो सणाचं म्हणून, आठ दिवसात ते वाळून करकरीत झालं, त्यावरूनच कळत असणार की इथे कोणी तोरण बदललेलं नाही. दुधाची पिशवी अडकवायची कापडी पिशवी कडीला तशीच रिकामी. कुठल्यातरी क्लासची जाहिरात जाळीत खोचलेली, ती आम्ही परत आलो तेव्हाही तिथेच होती. जाहिरातीचा कागद तिसऱ्या दिवशीही हलला नाही की बघणाऱ्याला कळतं.

ह्या वेळी समोरच्या काकू घरी होत्या. आदल्या वर्षी त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेल्या होत्या आणि तिसऱ्या फ्लॅटवालेही गावी, म्हणजे आमचा अख्खा मजला बंद होता, ते खरं कारण होतं असं मला वाटतं. काकू साताऱ्याकडच्या, त्यांचा गणपती दीड दिवसाचा इथेच असतो. मी त्यांच्याकडे जाऊन सरळ बसले आणि म्हटलं काकू, मला ह्या वर्षी तुमची मदत पाहिजे, रोज पाच मिनिटं. त्या म्हणाल्या अगं पाच कशाला, मी सकाळी माझ्या दारात रांगोळी काढते तशी तुझ्या दारात दोन रेघा ओढीन. आणि खरंच पंधरा दिवस त्यांनी रोज रांगोळी काढली. दारात आम्ही दोन जोड जुन्या चपला ठेवल्या होत्या, त्याही त्या रोज जरा इकडच्या तिकडे करायच्या. कारण त्याच चपला त्याच जागी, त्याच कोनात पंधरा दिवस दिसल्या तर उलट त्याच सांगतात की घरात कोणी नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीचंही तेच, बऱ्याच जणी सांगतात की जाताना एखादा टॉवेल वाळत टाकून जा, पण पावसात पंधरा दिवस तोच टॉवेल दोरीवर असेल तर त्याचा काय उपयोग, त्यापेक्षा दोरी रिकामी बरी.

दूध बंद केलं, पेपर मात्र बंद नाही केला. दूधवाल्याला नुसतं सांगितलं की पुढचं सांगेपर्यंत नको, तारीख सांगितली नाही. पेपर काकूंकडे टाकायला सांगितला. निघायच्या आठवडाभर आधीपासून ऑनलाइन काही मागवलं नाही, कारण एकदा असंच पार्सल आमच्या दारासमोर चार दिवस पडून होतं. आणि लेकीला बसवून समजावलं की गावाला पोचल्यावर गणपतीचे फोटो काढ हवे तेवढे पण स्टेटसला टाकायचे नाहीत, येवा कोकण आपलोच आसा लिहून गाडीतला सेल्फी तर अजिबात नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. पण २०२४ ची ती तांदळावरची पावलं तिनेही बघितली होती, तिने ऐकलं. सगळे फोटो परत आल्यावर टाकले.

किल्ली काकूंकडे एक, माझ्या भावाकडे कल्याणला एक. पायपुसण्याखाली, तुळशीच्या कुंडीत, मीटर बॉक्सवर, चपलांच्या स्टँडमध्ये, असल्या जागी किल्ली ठेवायची नाही. ज्याने तांदळाचा डबा उलटा केला त्याला कुंडी सुचणार नाही का.

दागिने लॉकरमध्ये ठेवले, निघायच्या महिनाभर आधीच, नंतर बँकेत गर्दी असते. बँकेत विचारलं तेव्हा कळलं की १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे लॉकरमधून चोरी झाली किंवा आग लागली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते, म्हणजे वर्षाला तीन हजार भाडं असेल तर तीन लाखांपर्यंत. लॉकरमधे काय आहे ते बँक बघत नाही, त्यामुळे यादी आपली आपणच करायची. तर एका रविवारी मी आणि लेकीने टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून प्रत्येक दागिन्याचा फोटो काढला, शेजारी पट्टी ठेवून, वजन कागदावर लिहून तोही फोटोत. पावत्यांचेही फोटो. ते सगळं भावाला पाठवून ठेवलं. टीव्ही, लॅपटॉप, घड्याळ यांच्या मागचे नंबर पण. दोन तास गेले. हे आदल्या वर्षी केलं असतं तर तक्रार देताना अशी मान खाली घालून बसावं लागलं नसतं.

पोलीस चौकीत एक साधा अर्ज दिला, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत घर बंद आहे, हा पत्ता, हा माझा मोबाईल, हा शेजारच्यांचा. ते म्हणाले बरं केलंत, रात्रीच्या राऊंडला त्या गल्लीतून फेरी मारायला सांगतो. वॉचमनदादांनाही सांगितलं पण जिन्यात चार लोकांसमोर नाही, बाजूला बोलावून. ११२ नंबर काकूंच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला.

आता लाईटचं. रात्री पूर्ण काळोख असलेलं घर खालच्या रस्त्यावरून लगेच ओळखू येतं, आणि दिवसरात्र जळणारा दिवा त्याहून वाईट, भर दुपारी बाल्कनीतला दिवा चालू दिसला की समजून जायचं की हे लोक गावी गेलेत. म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातून चक्रीवाला टायमर आणला, प्लगमध्ये बसतो, गोल चकती असते तिच्यावर बारीक बारीक ९६ दातऱ्या, एक दातरी म्हणजे पंधरा मिनिटं. त्या दातऱ्या खाली दाबल्या की तेवढा वेळ लाईट चालू. संध्याकाळी सात ते अकरा असं हॉलमधल्या टेबललॅम्पला लावलं, नऊ वॉटचा एलईडी, रोजचे चार तास धरले तर पंधरा दिवसात जेमतेम अर्धा युनिट वीज. निघायच्या आधी तीन दिवस ते चालवून बघितलं. पडदे नेहमीसारखे अर्धवट ठेवले, सगळे पडदे घट्ट ओढून घेतले तर तेही बाहेरून वेगळंच दिसतं.

पण मग मेन स्विच बंद करता येत नाही, टायमरला वीज पाहिजे. यावर नवऱ्याचं आणि माझं एक छोटं भांडण झालं, तो म्हणत होता मेन बंद करून जाऊ, शॉर्टसर्किट झालं तर चोरापेक्षा मोठं नुकसान. त्याचंही खरं होतं. शेवटी आम्ही एमसीबीचा बॉक्स उघडून एकेक स्विच खाली करत कोणत्या खोलीचं काय जातं ते बघितलं आणि स्केचपेनने प्रत्येकाखाली लिहिलं, हॉल, किचन, गीझर, बेडरूम, एसी. इतकी वर्षं ह्या घरात राहतोय पण हे माहितीच नव्हतं. हॉलचा एक चालू ठेवला, बाकी सगळे खाली. हॉलमधलेही टीव्ही, चार्जर वगैरे सगळे प्लग काढून.

फ्रीज पूर्ण रिकामा करून पुसून, दाराच्या फटीत एक नॅपकिन घडी करून अडकवून ठेवला म्हणजे वास धरत नाही. चार दिवसांसाठी जायचं असेल तर मी फ्रीज चालू ठेवते आणि फ्रीजरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्याच्यावर रुपयाचं नाणं ठेवते. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, तळाशी गेलेलं असेल तर मधे लाईट बराच वेळ जाऊन बर्फ वितळला आणि परत गोठला, मग आतली मासळी, खोबरं सगळं टाकून द्यायचं. दिसायला सगळं गोठलेलंच दिसतं, नाणंच काय ते सांगतं.

पाणी. हे लोक विसरतात आणि मग खालच्या मजल्यावाल्यांचं सिलिंग गळतं. आमच्याकडे पाणी ठराविक वेळेला येतं, निघायच्या गडबडीत नळ सोडून बघितला, पाणी नाही, तसाच उघडा राहिला, आपण गाडीत आणि संध्याकाळी नळाला पाणी आलं, असं आमच्याच बिल्डिंगमध्ये झालेलं आहे, पहिल्या मजल्यावरच्या लोकांचा पलंग भिजला होता. म्हणून फ्लॅटचा मेन कॉक बंद केला. तो इतका घट्ट झाला होता की प्लंबरला बोलवावं लागलं, तेव्हा हे निघायच्या दिवशी नाही तर आधी आठवडाभर करून बघा. कॉक बंद केल्यावर सगळे नळ एकदा उघडून, उरलेलं पाणी काढून, परत बंद. वॉशिंग मशीनचा नळ वेगळा बंद. मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी आणि त्यावर चमचाभर गोडंतेल ओतलं. मोरीच्या खाली जे पाणी साठून राहतं त्यानेच गटाराचा वास आणि झुरळं अडतात, ते पाणी सुकलं की रस्ता मोकळा. तेलाचा थर असला की पाणी लवकर उडत नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसात तसं सुकणार नाही पण मे महिन्यात महिनाभर गेलात तर नक्की करा. कमोडचं झाकण बंद.

पावसाळा असल्यामुळे बाल्कनीतली पाणी जायची जाळी हाताने साफ केली, कबुतरांची पिसं आणि पानं निघाली मूठभर. ती तुंबली की पाणी उलटं हॉलमध्ये येतं. रवा, मैदा, बेसन काकूंच्या फ्रीजमध्ये, तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला. लेदरच्या चपला आणि पट्टे कागदात गुंडाळून, बुरशी धरते.

गॅस शेवटी. २४ ऑगस्टला पहाटेची दिव्याहून सावंतवाडीची गाडी होती, त्यामुळे चहा केल्यावर रेग्युलेटर काढून सिलिंडरला निळी टोपी घट्ट लावली. देव आमच्याकडे बाहेरगावी जाताना ताम्हनात तांदळात ठेवतात, तसे ठेवले, समई अर्धा तास आधीच शांत केली. आणि प्रत्येक गोष्टीचा मोबाईलवर फोटो काढला, टोपी लावलेला सिलिंडर, खाली केलेले एमसीबी, बंद कॉक, लॉक केलेल्या खिडक्या. ह्या फोटोंचा किती उपयोग झाला ते कुडाळला उतरल्यावर कळलं. सासूबाईंनी दारातच विचारलं, गॅस बंद केलंस मां गो? एरवी ह्या एका प्रश्नावर माझी दोन रात्रींची झोप गेली असती. मी मोबाईल काढून फोटो दाखवला.

गावाला असताना काकू रोज रात्री मेसेज करायच्या, सगळं ठीक, लाईट लागला. चौथ्या दिवशी मेसेज आला की अगं आज लाईट लागला पण उशिरा लागला, दहा वाजून गेले होते. मला काही समजेना, पोटात गोळा आला. नंतर लक्षात आलं की दुपारी तीन तास वीज गेली होती, हा टायमर विजेवरच फिरतो, वीज गेली की त्याचं घड्याळ तिथेच थांबतं आणि तेवढा वेळ तो मागे पडतो. काकूंना किल्लीने आत जायला सांगितलं, त्यांनी फोनवर विचारत विचारत चकती फिरवून वेळ जुळवली, आल्याआल्या खिडकी उघडून हवा पण घेतली. ह्या कारणासाठीच किल्ली माणसाकडे पाहिजे. कितीही वस्तू लावा, पुढे काहीतरी बिघडतंच आणि तेव्हा तिथे कोणीतरी असावं लागतं.

अनंत चतुर्दशी झाली, ७ सप्टेंबरला रविवारी परतलो, त्या रात्री ग्रहण होतं. जिन्यात माझे पाय जड झाले होते खरं सांगते, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबलेच, नवरा पुढे गेला. दार बंद होतं, दारात ताजी रांगोळी होती, चपला जरा तिरक्या. आत गेल्यावर लाईटचं बटण न दाबता आधी गॅसचा वास येतो का ते बघितलं, खिडक्या उघडल्या, हे मी नेहमीच करते, गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करायचा. वास नव्हता. मग कॉक उघडला, नळाचं पहिलं गढूळ पाणी जाऊ दिलं, देव तांदळातून काढले. तांदूळ जागच्या जागी होते.

काकूंना खाजे, कोकम आणि फणसपोळी दिली. त्या म्हणाल्या, आता मी दिवाळीला मुलीकडे जाणारे, माझं दार तू बघायचं. त्यांच्या घराची किल्ली आता माझ्या देवघराच्या ड्रॉवरमध्ये नाही, दुसरीकडे आहे. त्या गेल्यापासून रोज सकाळी पेपर उचलते, त्यांच्या चपला हलवते आणि त्यांच्या दारात दोन रेघा रांगोळीच्या काढते, त्यांच्यासारखी सुबक येत नाही, पण रोज काढते.